व्ही.टी.चा वजनकाटा, सन 1936, किंमत पावणेदोन लाख

‘व्ही.टी. स्टेशनवरचा ओरिजिनल वजनकाटा, 1936 सालचा, चालू कंडिशन’ असा मेसेज (व्ही.टी. म्हणजे मुंबईचं आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) आणि सोबत रंगीत दिव्यांचा झगमगता व्हिडिओ तुमच्याकडे आला असेल, तर पैसे द्यायच्या आधी हे सगळं वाचा. तो काटा मी घेतलाय, पावणेदोन लाखांना. त्याची खरी किंमत चाळीस हजारांच्या पुढे जात नाही, असं ज्या माणसाची उभी हयात हे काटे दुरुस्त करण्यात गेली त्याचं म्हणणं आहे. मधल्या एक लाख पस्तीस हजारांत मला काय काय विकलं गेलं, ते सांगते.

फलाटावरचा काटा मुंबईकराला सांगायला नको. पायाखालची पाटी, काचेमागे गरगरणारी चकती, लुकलुकणारे झिरोचे बल्ब, नाणं टाकलं की खडखडाट आणि खाली पडणारं जाड पुठ्ठ्याचं तिकीट. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य, कधी नटनट्यांचे फोटो. आमच्या घरात तर वजनापेक्षा भविष्यच मोठ्यानं वाचलं जायचं. आता हे काटे फारसे दिसत नाहीत, आणि नेमकं त्यामुळेच कॅफेवाले, हॉटेलवाले, ऑफिसं सजवणारे त्यांच्या मागे लागलेत. दादरला माझं खाऊचं छोटं दुकान आहे. दारात असा एक काटा असावा, मुलं चढतील, लोक फोटो काढतील, एवढाच माझा हिशेब होता.

विकणाऱ्याचं गोदाम कुर्ल्याच्या बाजूला आहे. नाव देत नाही, तक्रार चालू आहे. धाकटे दीर सोबत होते. तिथं गेल्या गेल्या आम्हाला काटा दाखवलाच नाही. आधी दाखवलं ते कोका-कोलाच्या बाटल्यांचं लालभडक अमेरिकन मशीन. “इराण्याच्या हॉटेलातून उचललंय, साडेचार लाख. तुम्हाला नाही परवडणार ताई, नुसतं बघून घ्या.” मी मुकाट्यानं बघितलं. मागच्या पाटीवर 115 व्होल्ट, 60 सायकल (म्हणजे हर्ट्झ) लिहिलेलं होतं आणि नाण्याच्या फटीशी पाच सेंट. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची, 50 सायकलची. आणि अमेरिकेत कोकची छोटी बाटली 1950 च्या दशकाच्या शेवटापर्यंत पाच सेंटलाच मिळायची, म्हणून तिकडच्या जुन्या मशिनांत पाच सेंटचं नाणं चालायचं. इराण्याकडे ते कोणी आणि कशाला चालवलं असेल? उघडच कुठल्या तरी कंटेनरमधून आलेला माल होता. दिरांनी मला कोपरानं ढोसलंही. पण आम्हाला ते घ्यायचं नव्हतं, म्हणून विषय सोडून दिला. त्या मशीनचं काम आम्हाला विकलं जाण्याचं नव्हतंच. साडेचार लाखांचा आकडा कानात बसला की पुढचा पावणेदोन लाखांचा आकडा स्वस्त वाटतो, त्यासाठी ते दारात उभं केलेलं असतं.

मग काटा. पुढे पितळी पाटी: ‘बॉम्बे व्ही.टी. 1936’. सोबत लॅमिनेट केलेलं ‘अँटिक सर्टिफिकेट’. रेल्वेच्या लिलावात घेतल्याची हकीकत. आणि शेवटी फोनवर अमेरिकेतल्या एका काट्याचं पान, शिकागोच्या वॉटलिंग कंपनीचा, किंमत डॉलरमध्ये. “रुपयांत करा ताई. मी तर निम्म्यात देतोय.”

या चारही गोष्टी एकेक करून तपासता येतात, तिथल्या तिथे, एक पैसा न देता.

पाटीचं पुढे येईलच. सर्टिफिकेटचं सगळ्यात सोपं. पुरावशेष म्हणजे काय हे आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं ठरवलंय. हस्तलिखितांसारखे अपवाद सोडले तर वस्तू किमान शंभर वर्षं जुनी लागते. 1936 खरं धरलं तरी हा काटा त्यात बसत नाही. म्हणजे तो कागद गोदामातल्या प्रिंटरचा. लिलावाची हकीकतही तशीच. फलाटांवरचे काटे ठेकेदार लावायचे, रेल्वेला जागेची फी भरून. रेल्वे स्वतःचं भंगार लिलावात काढते तेव्हा माल उचलायचे कागद होतात. ते मागितले, तर “पावसात भिजले” हे उत्तर मिळालं. सव्वीस जुलैच्या पुरात मुंबईतले जेवढे कागद वाहून गेले म्हणतात, तेवढे कधी छापले तरी गेले होते का, देव जाणे.

परदेशी किमतीचं मात्र नीट समजून घ्या, कारण चांगली शिकलेली माणसं इथंच गळाला लागतात. ईबेवर, म्हणजे तिकडच्या ऑनलाइन बाजारात, जो आकडा दिसतो तो मागितलेला असतो. मागायला काय, कोणीही काहीही मागेल. तिथेच ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ असा वेगळा पर्याय असतो. तो लावला की खरोखर हातात पडलेले आकडे दिसतात आणि दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक निघतो. शिवाय वॉटलिंगचा काटा वेगळी चीज आहे. बनवणारा माहीत, मॉडेल माहीत, त्यावर नाव ओतलेलं, आणि तो जमवणारे लोक तिकडे पिढ्यानपिढ्या आहेत. ती किंमत त्या लोकांमुळे येते. आपल्याकडचा पत्र्याचा काटा त्या पंगतीत बसवायचा तर तो घेणारे तसे लोक इथं हवेत. मी नंतर विचारत फिरले. जुन्या मालाचा धंदा करणाऱ्या दोघांनी स्पष्ट सांगितलं, असे काटे सजावटीला जातात आणि सजावटीचा भाव गिऱ्हाईकाचा चेहरा बघून ठरतो.

मग झालं प्रात्यक्षिक. त्यानं गल्ल्यातून नाणं काढलं, हमाल पोऱ्याला काट्यावर उभं केलं, दिवे लागले, चकती फिरली, तिकीट पडलं. बासष्ट किलो. पोऱ्या तेवढाच दिसत होता. मी चढायला पुढे झाले, तर हा म्हणतो, “राहू द्या ताई, बाईमाणसाचं वजन चारचौघांत कशाला!” सगळे हसले, मीही हसले. दिरांना फोनवर बोलायला बाहेर बोलावलं गेलं. पुढच्या वेळी असा विनोद झाला की आधी काट्यावर चढा.

पंचाहत्तर हजार बँकेतून दिले, लाख रोख. बिल पंचाहत्तर हजारांचंच मिळालं, रोखीची एक हातचिठ्ठी, तीही नुसत्या आकड्याची. बिलावर शब्द होते: ‘एक जुना लोखंडी वजनकाटा, आहे त्या स्थितीत’. व्ही.टी. नाही, 1936 नाही, चालू नाही. तोंडी जे विकलं त्यातलं कागदावर काहीच उतरलं नव्हतं.

दुकानात काटा बसला आणि पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकांचे रुपये नुसते खाली पडायला लागले. दिवा नाही, तिकीट नाही. दिरांनी घरातल्या डब्यातून जुना मोठा रुपया शोधून टाकला, तर काटा लगेच चालू. दिरांचं वजन बासष्ट. माझं बासष्ट. शेजारच्या शाळकरी मुलाचंही बासष्ट.

शोधाशोध करून परळचे एक काका मिळाले. तरुणपणी एका ठेकेदाराकडे सेंट्रल-वेस्टर्नच्या फलाटांवर काटे दुरुस्त करायचे. त्यांनी मागचं दार उघडलं आणि आधी वाकून पायाखाली बघितलं. “अगं पोरी, याला तराफाच नाही. दांडे काढून विकलेत.” म्हणजे पाटीवर पडणारं वजन वर पोचवणारी पोलादी दांड्यांची जोडणीच गायब. आकडे छापणारं चाक बासष्टवर तारेनं बांधलेलं.

पुढचा तासभर काका बोलत होते आणि मी लिहून घेत होते. छापायच्या चाकावर किलो आहेत. मेट्रिक वजनं देशात 1958 पासून टप्प्याटप्प्यानं आली, 1936 च्या काट्यावर किलो कुठून येणार? नाण्याची फट मोठ्या स्टीलच्या रुपयाची आहे, 25 मिलिमीटरची. तो रुपया निघाला 1992 मध्ये. 2011 नंतरचा रुपया साधारण 22 मिलिमीटरचा, म्हणून तो अंगाला न लागता खाली जातो. 1936 साली असता तर कंगोरेदार एक आण्याच्या नाण्याची फट असती. इथं काकांनी एक गोष्ट बजावली. फट बदललेली असणं म्हणजे लगेच लबाडी नव्हे. दर वाढला की ठेकेदारच फट बदलून घ्यायचे, चालत्या काट्याचं ते रोजचं काम. पण मग त्याला ‘ओरिजिनल’ म्हणून वरचा भाव लावता येत नाही.

त्यांनी शिशाचं बूच दाखवलं. वजनमापांची सरकारी पडताळणी झाली की निरीक्षक त्यावर तिमाहीचं अक्षर आणि सालाचे आकडे ठोकतो. आमच्या बुचावर ‘94’ स्पष्ट वाचता येत होतं. कोणी पुसायची तसदीसुद्धा घेतली नव्हती, कारण गिऱ्हाईक तिथं बघतच नाही. पितळी पाटीचे स्क्रू फुलीच्या खाचेचे. तसले स्क्रू अमेरिकेतच 1930 च्या दशकाच्या मध्यावर बाजारात आले, त्याच साली मुंबईत काट्याला लागले म्हणायचे का? आणि गंज. सगळ्या अंगभर सारखा, मिठाचं पाणी आणि ॲसिड मारून चढवलेला. काका म्हणाले, फलाटावरचा काटा झिजतो तो माणसं लावतात तिथं: पाय ठेवायच्या पाटीवर, नाण्याच्या तोंडाशी आणि तिकीट काढायला बोटं जातात त्या वाटीच्या कडेला. आमच्या वाटीचा रंग कोरा करकरीत होता.

मग मी विचारलं, काका, याचे द्यायचे किती?

काकांची रीत मला आवडली. विकणारा सांगतो तिथून खाली घासाघीस करायची नाही, भंगारापासून वर चढायचं. नव्वदेक किलो पत्रा आणि लोखंड, म्हणजे तीनेक हजार. हा तळ. मोटर चालू आहे, त्याचे काही. तिकीट पाडायची पेटी जागेवर आहे, त्याचे बरे, कारण ती आता कोणी बनवत नाही. पुढची काच जुनी, चित्रं हातानं रंगवलेली, तिला सगळ्यात जास्त. या काट्यात खरी किंमत तिचीच आहे, म्हणाले. दिवे काढून एलईडीची पट्टी लावलीय, त्याचे वजा. दांडे नाहीत, त्याचे अर्ध्याहून जास्त वजा. हौशी गिऱ्हाईक असलं तर चाळीस. दांड्यांसकट, खरं वजन सांगणारा असता, तर साठ-सत्तर. व्ही.टी.चा असल्याचा ठेकेदाराचा कागद किंवा फलाटावरचा त्याच काट्याचा जुना फोटो असता, तर त्याच्या वर जे मागाल ते. हकीकतीला पैसे द्यायचे तर हकीकत कागदावर हवी.

पोलीस ठाण्यात अर्ज घेतला, पण ‘व्यवहाराचा वाद’ म्हणून ग्राहक आयोगाकडे जायला सांगितलं. तिथं जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझ्या बाजूनं उभे आहेत ते त्याचेच व्हॉट्सॲपचे मेसेज, ‘1936’ आणि ‘चालू कंडिशन’ लिहिलेले, आणि तो व्हिडिओ. ते पुसले नाहीत हे नशीब. वकीलबाईंनी फोनसकट जपायला सांगितलंय, त्यासोबत रीतसर प्रमाणपत्र जोडावं लागतं. रोखीच्या लाखाचं मात्र अवघड आहे, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

नोटीस गेल्यावर त्याचा फोन आला. आवाज तोच, गोड. “ताई, कशाला कोर्टकचेऱ्या! पन्नास हजारांत परत घेतो, टेम्पो माझा. फक्त पाटी काढू नका, पाटीसकट द्या.”

मी पाटी काढून वकीलबाईंकडे दिली आहे.