वेफर्सची किसणी, ग्रॅटिनसाठी

तुळशीबागेतून आणलेली ही स्टीलची किसणी खरं तर वेफर्ससाठी. मी तिच्यावर पोटॅटो ग्रॅटिनचे (बटाट्याचे काप क्रीममध्ये घालून ओव्हनमध्ये भाजायचा फ्रेंच पदार्थ) काप पाडते, आणि त्या कामात ती पास! काप 2-3 मिलिमीटरचे, सगळे एकसारखे. सुरीने कापले की काही कच्चे राहतात, काहींचा लगदा होतो.

वेफर्सच्या सवयीने सासूबाई काप पाण्यात टाकायला निघाल्या होत्या. धुवायचे नाहीत हो, त्यातला स्टार्चच क्रीम दाट करतो. पाकिटातलं 25 टक्के फॅटचं क्रीम तापल्यावर फाटू शकतं, म्हणून निम्मं दूध आणि चमचाभर मैदा. ठेचलेला लसूण, मिरपूड, किंचित जायफळ. ओटीजीत 180 अंशांवर फॉइल लावून पाऊण तास, मग फॉइल काढून, वर मोझरेला पसरून, कडेने खदखदेपर्यंत. फ्रान्समधल्या दोफिनेच्या पारंपरिक ग्रॅटिनमध्ये चीज नसतं. आमच्याकडे तसं वाढलं तर पोरं ताट सरकवतील.

तक्रार एकच. सोबतची प्लास्टिकची पकड बटाटा धरतच नाही, निसटते. पातं चांगलंच धारदार आहे, बोटं सांभाळा. शेवटचा तुकडा मी सरळ भाजीत टाकते.