टोल्किन, पॉटर, मार्टिन झाले. आता कोणती फँटसी?

पट्टीच्या फँटसी-वाचकाला पुस्तकांचा तुटवडा कधीच नसतो. नडतं ते वेगळंच. नवी म्हणून आणलेली मालिका तिसऱ्या प्रकरणात ओळखीची निघते: अनाथ पोरगा, दाढीवाला गुरू, एक भाकीत, उत्तरेकडून येणारं संकट. नावं तेवढी उच्चारायला अवघड केलेली.

यातून अस्सल माल वेगळा काढायची एक कसोटी आहे. पुस्तकातली जादू मनातल्या मनात काढून टाकायची. मागे राजवाड्यातल्या कारस्थानांची बरी कादंबरी उरली, तर जादू हे नुसतं नेपथ्य होतं. जादू काढताच गोष्टच ढासळली, तर पुस्तक घ्यावं. खाली ज्यांची तुलना केली आहे ती सगळी या कसोटीला उतरतात. ती इंग्रजीतच वाचायची आहेत असं धरलंय, म्हणून भाषा किती जड तेही सांगितलंय.

दुसरी अट, गोष्ट संपलेली हवी. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या मार्टिन यांच्या मालिकेच्या नियोजित सात खंडांपैकी पाचवा २०११ साली आला आणि गाडी तिथेच उभी आहे. पॅट्रिक रॉथफस यांच्या त्रयीतला दुसरा भागही २०११चाच. अशा मालिकेची शिफारस करणं म्हणजे मधल्या फाट्यावर उतरवणाऱ्या एसटीचं तिकीट काढून देणं. ब्रँडन सँडरसन यांची पहिली 'मिस्टबॉर्न' त्रयी (२००६ ते २००८) पूर्ण आहे आणि धातू गिळून शक्ती मिळवण्याचे तिचे नियमही चोख आहेत, पण वाक्यं सपाट. नियमांचं कोडं सोडवायला आवडत असेल तर ती जरूर घ्या. गद्यासाठी वाचत असाल तर पुढे चला.

एका आठवड्यात होणारी

सुझॅना क्लार्क यांची 'पिरानेसी' (२०२०) आणि अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ही दोन्ही अडीचशे पानांच्या आसपासची, दोघींचं इंग्रजी सोपं. साम्य इथे संपतं.

'पिरानेसी' ही एका माणसाची रोजनिशी आहे. तो एका न संपणाऱ्या घरात राहतो. खालच्या दालनांत समुद्र, वरच्या दालनांत ढग, मधल्या दालनांत हजारो पुतळे. भरती कधी कुठे चढेल याचा तो चोख हिशेब ठेवतो आणि आठवड्यातून दोनदा एका दुसऱ्या माणसाला भेटतो. बहुतेक वाचक पुस्तक सोडतात ते पहिल्या तीस-चाळीस पानांत, कारण दालनांची दिशा आणि क्रमांक लक्षात ठेवायचा प्रयत्न करतात. तो करू नका, घराचा नकाशा काढायची काहीच गरज नाही. लक्ष ठेवायचं ते नोंदींच्या तारखांवर आणि 'इतकी साधी गोष्ट याला कशी माहीत नाही?' असं वाटायला लावणाऱ्या जागांवर. या पुस्तकाची सगळी गंमत वाचकाला निवेदकाच्या आधी कळण्यात आहे. म्हणून मलपृष्ठावरचा मजकूरही वाचू नये. २०२१ साली याला ब्रिटनचं 'विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन' मिळालं. फँटसीकडे नाक मुरडणाऱ्या मित्राला द्यायलाही हेच योग्य.

'अर्थसी'त सगळा भर नावांवर आहे. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं, आणि ते ज्याला ठाऊक त्याची तिच्यावर सत्ता चालते. रात्री सापाला साप न म्हणता 'जनावर' म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. ले ग्विन यांचं मोठेपण पुढच्या पायरीवर आहे. समुद्रावर सत्ता हवी असेल तर त्याच्या थेंबाथेंबाचं नाव माहीत हवं, म्हणून ती कुणालाच मिळत नाही. एका बेटावर पाऊस पाडला की दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो. म्हणजे जादूगार जितका शहाणा, तितकी जादू कमी.

यात संवाद कमी आहेत, सूर कहाणी सांगितल्यासारखा आहे. पॉटरच्या सवयीने येणाऱ्याला इथली जादूची शाळा दोन-चार प्रकरणांत संपते याचा धक्का बसतो. पुस्तकं सहा आहेत आणि वाचायची ती प्रकाशनाच्या क्रमाने. पहिली तीन सलग वाचा, मग थांबा. तिसरं १९७२चं आणि चौथं, 'तेहानू', १९९०चं. मधल्या अठरा वर्षांत लेखिकेने स्वतःच्याच जगाकडे पुन्हा पाहिलं: या जगात बायका कुठे आहेत? 'तेहानू'ची नायिका मध्यमवयीन विधवा आहे आणि बरीचशी गोष्ट घर, शेळ्या आणि एक भाजलेली मुलगी यांच्याभोवती फिरते. तिसऱ्याच्या धुंदीत ते उघडलं तर हमखास रुसायला होतं. पाचवा कथासंग्रह 'किरकोळ' समजून गाळणं ही आणखी एक नेहमीची चूक, कारण त्यातली 'ड्रॅगनफ्लाय' ही कथा सहाव्या पुस्तकाचा पूल आहे. सगळं एकत्र असलेली चार्ल्स व्हेस यांच्या चित्रांची २०१८ची आवृत्ती सुरेख आहे, पण ती टेबलावर ठेवून वाचायची. लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याने सुटे भाग घ्यावेत.

'पिरानेसी' आवडलं की लगेच क्लार्क यांचंच 'जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल' (२००४, पुढच्या वर्षी विज्ञानकथा-फँटसीचा मानाचा ह्यूगो पुरस्कार) मागवायचा मोह होतो. पण ते अगदी दुसऱ्या जातीचं पुस्तक आहे: आठशेच्या घरातली पानं, नेपोलियनच्या काळातलं इंग्लंड, जेन ऑस्टिनच्या वळणाची चिमटे काढणारी भाषा, आणि लेखिकेनेच रचलेल्या जादूच्या इतिहासाच्या तळटीपा. त्यांतल्या काही पानंच्या पानं चालतात. त्या गाळल्या तर अर्धं पुस्तक गेलं, कारण उत्तरेच्या जादूगार-राजाची गोष्ट मुख्यतः तिथेच साठत जाते. म्हणून हे किंडलपेक्षा कागदावर बरं. शीर्षकातला स्ट्रेंज बराच उशिरा येतो, तोवर कंजूष, भित्र्या, पुस्तकं दडवून ठेवणाऱ्या नॉरेलशी गाठ आहे. नॉरेलचा कंटाळा आला तर पुस्तक ठेवून द्या. त्याचं हसू आलं तर पुढची सातशे पानं तुमचीच.

जड, पण एकदाच वाचून न संपणारं

जीन वुल्फ यांचं 'द बुक ऑफ द न्यू सन' चार भागांत १९८० ते १९८३ दरम्यान आलं. आज ते दोन खंडांत मिळतं, 'शॅडो अँड क्लॉ' आणि 'स्वोर्ड अँड सिटाडेल'. चारही भाग मिळून एकच कादंबरी आहे, पहिला भाग वाचून मत बनवू नये. विझत चाललेल्या सूर्याखालची, कल्पनेपलीकडच्या भविष्यातली पृथ्वी. छळ करणं हाच व्यवसाय असलेल्या एका संघातला शिकाऊ सेव्हेरियन आपली कहाणी लिहितोय. आपण काहीच विसरत नाही असा त्याचा दावा आहे. आपण पुढे सिंहासनावर पोचलो हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो, त्यामुळे 'काय झालं' हा प्रश्न गौण ठरतो.

अडचण शब्दांची. यातले बहुतेक विचित्र शब्द वुल्फ यांनी रचलेले नाहीत, ते जुने, मेलेले, पण खरे आहेत. काळ्याहून काळ्या रंगासाठी 'फुलिजिन', प्राण्यांसाठी जीवाश्मांची नावं. बलुचिस्तानात सापडलेल्या एका महाकाय जीवाश्मावरून पडलेलं नावही त्यात आहे. पहिल्या वाचनात शब्दकोश उघडू नका. लय मोडते, आणि अर्थ संदर्भाने पुरेसा कळतो.

पुस्तक तुमचं आहे की नाही, याची चाचणी सुरुवातीच्याच प्रकरणांत आहे. सेव्हेरियन एक जुनं चित्र पाहतो: ओसाड प्रदेशात उभी चिलखती आकृती, शिरस्त्राणाची झडप अख्खी सोन्याची, डोळ्यांना फट नाही, हातात काठीवर एक विचित्र ताठ झेंडा. तो एवढंच सांगतो, कारण ते काय आहे हे त्याला ठाऊक नाही. तुम्हाला ते चटकन कळलं आणि अंगावर काटा आला, तर चारही भाग घ्या. नुसतं वर्णन वाटून पुढे गेलात तरी बिघडलं नाही, पण अशा शेकडो जागा तुमच्या हातून निसटतील आणि उरेल ती तुटक भटकंती. छळाची दृश्यं आहेत. बायकांकडे पाहण्याची निवेदकाची नजर अनेकांना खुपते, आणि ती निवेदकाची किती, लेखकाची किती, हा वाद खराच आहे. पट्टीच्या वाचकाने यादीतलं एकच घ्यायचं असेल तर हे घ्यावं, मात्र हाताशी निवांत महिना असेल तरच.

राग, घाण आणि शहर

एन. के. जेमिसिन यांची 'ब्रोकन अर्थ' त्रयी ('द फिफ्थ सीझन' २०१५, पुढचे दोन भाग २०१६ आणि २०१७) आणि चायना मिएव्हिल यांचं 'पर्डिडो स्ट्रीट स्टेशन' (२०००) ही दोन्ही टोल्किनच्या सावलीतून पूर्ण बाहेर पडलेली. जेमिसिन यांच्या तिन्ही भागांना ओळीने तीन वर्षं ह्यूगो मिळाला, तसा तो आधी कुणालाच मिळाला नव्हता.

जेमिसिन यांच्या जगात जमीन थरथरती आहे. ती शांत करू शकणाऱ्या माणसांची सगळ्यांना गरज, आणि त्यांचाच सगळ्यांना तिटकारा. ही शक्ती फुकट नाही. ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते, आणि भोवतालचा जिवंत माणूस गोठून मरू शकतो. तीन बायकांच्या तीन कहाण्या चालतात, त्यांतली एक 'तू'ला उद्देशून. सुरुवातीला ते अवघडल्यासारखं वाटतं, पण त्याला कारण आहे आणि ते कळतं. शेवटच्या शब्दसूचीत आधीच बोट ठेवून बसा. दुसरा भाग बराचसा एकाच वस्तीत अडकून राहतो, तिथे वेग मंदावतो. आणि एक इशारा: पहिल्याच पानांत एका लहान मुलाचा मृत्यू आहे, बापाच्या हातून. घरात तान्हं मूल असेल तर हे पुढच्या वर्षी वाचलेलं बरं.

मिएव्हिल यांचं शहर धूर, गटारं आणि किडे यांनी भरलेलं आहे. गोष्ट सुरू होते ती पंख गमावलेल्या एका गरुडापासून. हो, गरुडच: वाळवंटात राहणाऱ्या पंखवाल्या माणसांची ती जमात आहे, नाव आपल्याकडूनच उचललेलं. विष्णूचं वाहन मात्र विसरा. तो एका शास्त्रज्ञाकडे पुन्हा उडता यावं म्हणून येतो, आणि त्या संशोधनापायी शहरावर आपत्ती ओढवते. सातशेवर पानं, त्यातला पहिला पाव भाग नुसतं शहर दाखवण्यात जातो. इंग्रजी यादीत वुल्फ यांच्या खालोखाल जड, पण जुनं नाही, ठासून भरलेलं. किळस सहन होत नसेल तर नको. गोड शेवट हवा असेल तर अजिबात नको. या दोघांत गोष्टीची ओढ हवी असेल तर जेमिसिन, नुसत्या कल्पनेचा कस पाहायचा असेल तर मिएव्हिल.

जवळच्या मातीतलं

कोलंबोचे वज्र चंद्रसेकरा यांच्या 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (२०२३) या कादंबरीला नेब्युला हा विज्ञानकथा-फँटसीचाच दुसरा मानाचा पुरस्कार मिळाला. जन्मताच आई मुलाची सावली पितळी खिळ्याने जमिनीला ठोकते आणि त्याच्यापासून फाडून काढते. मग त्याला वाढवते ती एकाच कामासाठी, संतपदाला पोचलेल्या बापाला मारण्यासाठी. बुद्ध आणि राहुल यांची गोष्ट माहीत असलेल्या वाचकाला यातली धार अधिक लागते. मोठा झालेला मुलगा जगतो ते मोबाइल, सरकारी कचेऱ्या, जातवार नोंदी आणि दंगली असलेल्या शहरात. आपल्या भागातली फँटसी म्हणजे पुराणपुरुषांना व्यायामशाळेत पाठवणं, असं ज्यांना वाटू लागलंय त्यांच्यासाठी हा चांगला उतारा आहे. दोष मध्यावर आहे: नायक बराच वेळ नुसता भरकटतो. शेवटाकडे निवेदनच अशी कूस बदलतं की काहींना फसवल्यासारखं वाटतं.

हे घेणार असाल तर त्याआधी 'अर्थसी'चा निदान पहिला भाग संपवा. तिथला मुलगा घमेंडीत स्वतः एक सावली जगात सोडतो आणि मग तिच्यापासून पळत सुटतो. इथल्या मुलाची सावली त्याला विचारण्याआधीच गेलेली असते.