३२,९५० रुपयांची टाकी, जी आलीच नाही

बायको म्हणते लिहू नकोस, लोक हसतील. हसू देत. डिचोलीच्या बाजारात निम्म्या लोकांना तसंही कळलंय, उरलेल्यांना माझ्याकडूनच कळलेलं बरं.

सुरुवात १२० रुपयांपासून झाली. तीन वर्षांपूर्वी चवथीच्या खरेदीला म्हापशाला गेलो होतो, मुलीने माशांच्या दुकानात हट्ट धरला. बोटाएवढी चंदेरी जोडी, वर पाटी 'शार्क'. केवढे होतात म्हणून मी विचारलं होतं, हे आधी नोंदवतो. दुकानदार म्हणाला, "टाकीएवढेच वाढतात, भिवपाची गरज ना." हे वाक्य कुठल्याही दुकानात कानावर पडलं, तर तिथून चपला घालून बाहेर पडा. मासा टाकी मोजून वाढत नाही. कोंडलेल्या, घाण पाण्यात तो खुरटतो, आजारी पडतो, लवकर मरतो, आणि त्यालाच हे लोक 'टाकीएवढा राहिला' म्हणतात. माझा तो शार्क म्हणजे मेकाँग नदीतला पंगासियस. सव्वा मीटरच्या वर जातो. हॉटेलात बासा म्हणून जे पांढरं फिले येतं ना, बहुतेक वेळा तो हाच. म्हणजे आम्ही गोंयकार, जन्मभर बाजारात कल्ले उघडून मासा पारखणारे, आणि मी जेवणाचा मासा शोभेचा म्हणून घरी आणला.

दोन फुटी टाकी ३,२०० रुपयांना घेतली होती. ती वर्षभरात अपुरी पडली, मग चार फुटी घेतली, १४,५०० रुपये. यंदा तीही संपली. टाकीची रुंदी दीड फूट, मासे त्याहून लांब. वळायचे तर अंग दुमडून वळायचे. हा मासा मुळात भित्रा. पहाटे आईने स्वयंपाकघरातला दिवा लावला की दोघे दचकून काचेवर आदळायचे. धप्प. सकाळी बघावं तर मोठ्याचं नाक सोललेलं आणि काचेवर त्याच उंचीवर एक बुळबुळीत ठसा. मुलगी तो ठसा रोज आतून पुसायला सांगायची. दुकानदाराकडे गेलो, तर हसून म्हणाला, "इतले व्हडले कोण घेतलो? तळून खा." म्हणजे एवढे मोठे कोण घेणार.

अशा वेळी माणूस आंधळा होतो. म्हणजे मी झालो. सहा फुटी टाकीची जाहिरात ऑनलाइन दिसली: ६ बाय २ बाय २, १२ मिलिमीटर काच, लोखंडी स्टँड, कॅनिस्टर फिल्टर, निळा दिवा, सगळं मिळून २८,००० रुपये. नवी घ्यायला गेलो असतो तर तेवढ्यात नुसती काच आणि स्टँड आले असते. विकणारा म्हणे नेव्हीत, वास्कोला, बदली विशाखापट्टणमला. पुढचं तुम्हाला पाठ असेल: गणवेशातला फोटो, ओळखपत्र, 'जय हिंद सर'. मलाही पाठ होतं! फौजी बनून गाड्या आणि फ्रीज विकणाऱ्यांच्या बातम्या मीच आतेभावाला पाठवत असे. पण त्या गाड्यांच्या होत्या. टाकीसाठी कोण एवढा खटाटोप करील, असं वाटलं.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून रात्री उठून बसतो. टोकन म्हणून ५,००० रुपये पाठवले होते. त्यानंतर तो म्हणाला, "सर, टाकी पाण्यासकट टेम्पोत चढवतोय, म्हणजे चांगले बॅक्टेरिया मरणार नाहीत." पाण्यासकट! चोवीस घनफूट, म्हणजे जवळजवळ ६८० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच ६८० किलो. ते वाहत्या टेम्पोत हिंदकळलं तर काच टिकेल का? हा आकडा मला कोणी सांगायची गरज नव्हती. जमीन भार पेलेल का, हे गवंड्याला विचारताना तो मीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला होता आणि फोनवर बोलताना समोर तेच कॅलेंडर होतं. पण 'बॅक्टेरिया' ऐकून मी खूश झालो. वाटलं, हा आपल्यातला दिसतो, जाणकार आहे. माशांची घाण पचवणारे हे बॅक्टेरिया मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांत बसतात, पाण्यात नव्हे, हेही ठाऊक होतं. तरी बोललो नाही. चांगल्या माणसाला कशाला खोडायचं!

मग गेटपासचे ३,१५०. मग वाटेत फुटली तर म्हणून विम्याचे १२,४००, टाकी पोचताच परत मिळणारे. मग 'सिस्टीमला एंट्री दिसत नाही, हा कोड स्कॅन करून पिन टाका, दोन्ही रकमा एकदम परत येतील'. पुन्हा १२,४०० गेले. पैसे येताना पिन लागत नाही. कधीच नाही. हे बायकोने मागून ओरडून सांगितलं, तेव्हा पिनचे चार आकडे टाकून झाले होते. एकूण ३२,९५०. दुकानदाराने १२० रुपयांत जे खोटं विकलं, त्याचं हे व्याज.

लोभ म्हणा हवं तर. माझ्या लेखी तो माशाच्या सोललेल्या नाकाचा लोभ होता.

आणि तक्रार! बँकेत गेलो तर म्हणे पिन तुम्हीच टाकलात. पोलीस स्टेशनवर ठाणे अंमलदाराने पहिला प्रश्न विचारला, "टाकी कित्याक?" दुसरा प्रश्न, मासे केवढे. हाताने दाखवले तर मागच्या बाकावरचे दोघे फिसकन हसले. मग म्हणाले, माणूस वास्कोचा, तिकडे द्या. वास्को तर त्याच्या तोंडचं, तो मुळात कुठला कोण जाणे! दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, पैसे डिचोलीतून गेले, तिकडेच द्या. दोन फेऱ्या, सुट्टीचे दोन दिवस, पेट्रोल वेगळं. स्क्रीनशॉट छापून आणा म्हणाले, छापून नेले तर रंगीत हवेत म्हणाले. शेवटी एकाने १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला का विचारलं. हे आधी बोलायला तोंड नव्हतं का? पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत, पहिल्या तासा-दोन तासांत तो फोन गेला तर रक्कम अडवायची काहीतरी शक्यता असते. मी केला चौथ्या दिवशी. तुम्ही तरी आधी १९३० लावा, मग घरच्यांच्या शिव्या खा. पोचपावतीचा नंबर आहे माझ्याकडे, मोठा आहे, त्यापलीकडे काही नाही.

मासे न्याल का म्हणून एका सरकारी कचेरीतही विचारून आलो. खाण्याचे असतील तर बाजारात विका, म्हणाले. कोणी सुचवलं नदीत सोड. नाही सोडले. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला ॲलिगेटर गार मासा मिळाला, तो काय पोहत आला होता? शेवटी सत्तरी तालुक्यात मामेभावाच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, शिंपण्याची सिमेंटची टाकी आहे, चारी बाजूंनी बंद, तिथे नेले. पोफळीच्या सावलीत मोठा पहिल्यांदा सरळ रेषेत लांब पोहला आणि मुलगी रडली.

टाकी पाहिजेच असेल तर उभ्याने जाऊन, हात लावून, पाणी भरून बघून घ्या. मुळात मासा घेण्याआधी पाटीवरच्या लाडाच्या नावावर जाऊ नका, शास्त्रीय नाव विचारा. दुकानदाराला ते येत नसेल तर पैसे खिशात ठेवा.

गेल्या आठवड्यात तोच फोटो पुन्हा दिसला. तीच टाकी, तोच निळा दिवा, किंमत २६,००० केलीय, आणि बदली आता बेळगावहून. नंबर नवा होता. मी बायकोच्या फोनवरून लावला.

"जय हिंद सर," तो म्हणाला, "टाकी के लिए ना?"