भिंतीवर सगळं होतं, लायसन्स नव्हतं

मी २०२२ साली फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. २४ वर्षं सर्व्हिस. शेवटी शेवटी कोत एनसीओ होतो. कोत म्हणजे हत्यारांची खोली, कंपनीची सगळी हत्यारं माझ्या ताब्यात. तिथला रिवाज असा की एकेक रायफल हातात घ्यायची, दस्त्यावरचा बट नंबर वाचायचा, मग रजिस्टरवर सही. "कालच मोजल्यात की" म्हणत सही ठोकणाऱ्या एका पोराला मी सगळा कोत पुन्हा मोजायला लावला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच मी १४ लाख रुपये एका न वाचलेल्या कागदावर दिले.

पैसे आले कुठून? पेन्शनवर येताना ग्रॅच्युइटी, फंड, ग्रुप इन्शुरन्स, शिल्लक रजेचे पैसे आणि कम्युटेशन असं सगळं थोड्या दिवसांच्या अंतराने खात्यावर पडतं. कम्युटेशन म्हणजे पुढची पेन्शन आज विकून टाकणं. सैन्यात निम्म्यापर्यंत विकता येते, आणि विकलेला हिस्सा १५ वर्षं दरमहा कापला जातो. वय बेचाळीस, हातात आयुष्यात न पाहिलेली रक्कम आणि सकाळी साडेचारला उठून करायचं काय हे माहीत नाही. फसवणाऱ्यांना आपली ही अवस्था आपल्यापेक्षा जास्त कळते.

मला फसवणारा निवृत्त सुभेदार होता. माजी सैनिकांच्या मेळाव्यात भेटला. पहिला प्रश्न "कुठली पलटण?", दुसरा "भरती कधीची?" मी आपोआप सावधानमध्ये उभा राहिलो. रँक गेली तरी पाय विसरत नाहीत. "उद्या ऑफिसला ये, डिस्चार्ज बुक घेऊन," तो म्हणाला.

ते ऑफिस अजून डोळ्यांसमोर आहे. टेबलावर पितळी तोफेची छोटी प्रतिकृती. मागच्या भिंतीवर पलटणीचं निशाण, मेडल लावलेला फोटो, कुठल्याशा जनरलसाहेबांशी हस्तांदोलन करतानाचा फोटो, बर्फातल्या पोस्टवरचा फोटो. चहा आला तो पलटणीचं चिन्ह असलेल्या मगात. त्याने चष्मा लावून माझं डिस्चार्ज बुक पानापानाने वाचलं, कॅरेक्टरपुढचं 'एक्झेम्प्लरी', म्हणजे आदर्श, बोटाने दाखवलं आणि म्हणाला, "असाच माणूस पाहिजे मला." त्याने माझा एकेक कागद तपासला. मी त्याचा एकही मागितला नाही.

योजना अशी: त्याची सिक्युरिटी एजन्सी, त्यात माझी भागीदारी. वर सुपरवायझरची नोकरी आणि गुंतवणुकीवर महिन्याला ३ टक्के. "डीजीआरची मान्यता आहे आपल्याला, बेटा." डीजीआर म्हणजे माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं संरक्षण मंत्रालयाचं खातं. खासगी सुरक्षा एजन्सीला २००५ च्या कायद्याखाली राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याचं लायसन्स लागतं, आणि ते धंद्याच्या जागी ठळक दिसेल असं लावावं लागतं, हे मला वर्षभराने कळलं. त्या भिंतीवर सगळं होतं, तेवढा एक कागद नव्हता.

बायकोने विचारलं होतं, "अहो, पावती कसली देणार आहेत ते?" मी म्हणालो, "फौजेतला माणूस आहे तो, किराणावाला नाही." हे वाक्य आता घरात कधी कधी माझ्याकडेच परत येतं, पावतीसकट.

१० लाख आरटीजीएसने दिले. ४ लाख रोख, कारण "टॅक्सचा घोळ नको". त्या चार लाखांचा आज जगात कुठेही पुरावा नाही. करारनामा स्टॅम्प पेपरवर होता, नोटरीचा शिक्काही होता. वकिलाने नंतर वाचून दाखवला तेव्हा कळलं की त्यात भागीदारी, नोकरी, ३ टक्के यातलं काहीच नाही. 'मैत्रीच्या संबंधातून हातउसनी घेतलेली रक्कम' एवढंच. पहिल्यांदा पोलीस स्टेशनला गेलो तेव्हा ठाणे अंमलदाराने तोच शब्द वाचला आणि ही दिवाणी बाब आहे म्हणून वाटेला लावलं. करार करताना तो शब्द चुकून पडत नसतो.

पाच महिने ४२ हजार वेळेवर आले. हिशेब करा, माझेच २ लाख १० हजार मला परत मिळाले आणि मी खूश. इतका खूश की माझ्या हाताखाली राहिलेल्या एका नायकाला मीच घेऊन गेलो. त्याने मला विचारलं, "हवालदारसाहेब, तुम्ही बघितलंय ना सगळं?" मी हो म्हणालो. त्याचे ६ लाख गेले. याबद्दल जास्त लिहिता येत नाही.

सहाव्या महिन्यापासून कारणं सुरू झाली. बिल अडकलंय, मोठ्या साहेबांची सही राहिलीय, जीएसटीची नोटीस आलीय. मग त्याने १० लाखांचा चेक दिला आणि "मी सांगेन तेव्हाच भर" म्हणाला. मी हुकूम पाळला. चेक तारखेपासून तीन महिने चालतो. तो संपता संपता भरला आणि परत आला. तेव्हाही "महिनाभर कळ काढ, कोर्टात गेलास तर पलटणीची इज्जत जाईल" हे ऐकून गप्प बसलो. चेक परत आल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली नाही तर कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याच्या फौजदारी केसची, वाट बंद होते. मी वकिलाकडे पोचलो चाळिसाव्या दिवशी. पलटणीच्या इज्जतीचं नाव घेणारा तो माणूस नेमका महिना मोजून मागत होता.

पुढे माझ्यासारखे आणखी सापडले. सगळे पेन्शनवर आलेले, सगळ्यांच्या कराराचा मसुदा एकच, फक्त नावं वेगळी. एकत्र आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलो तेव्हा कुठे ठेवीदारांच्या संरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली, ज्याला एमपीआयडी म्हणतात, गुन्हा नोंदला गेला. तिथे कामी आल्या त्या बँकेतल्या दरमहाच्या नोंदी. हातउसन्या पैशांवर कोणी महिन्याच्या महिन्याला ठरावीक ३ टक्के देत नाही. म्हणून म्हणतो, पासबुक, मेसेज, व्हॉट्सॲप काही पुसू नका, आणि एकटे जाऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पैसे देण्याआधी एक चक्कर टाकली असती तर डीजीआरच्या नावाची शहानिशा कुठे करायची एवढं तरी कळलं असतं. मी तिकडे गेलो तो ओळखपत्र काढायला.

केस सुरू आहे. पैसे आलेले नाहीत. मी रात्रपाळीत एका गोदामावर सुपरवायझर आहे. कामाला लागण्याआधी तिथल्या एजन्सीचं लायसन्स बघायला मागितलं, तर मॅनेजर हसला, पण दाखवलं.

स्पर्शवरून, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवरून, दर महिन्याला पेन्शन स्लिप येते. त्यात कम्युटेशनची कपात वेगळ्या ओळीत असते, दहा हजारांच्या वर. जे पैसे त्या टेबलावर दिले त्यांचीच ही कपात आहे, आणि ती २०३७ पर्यंत चालणार. बायको ती स्लिप नीट घडी घालून फाइलला लावते. काही बोलत नाही.