लुइसिया लावायची, पण कोणती: कॉटिलेडन की रेडिव्हायव्हा?

लुइसिया हे छोटं फुलझाड, आणि या तिच्या दोन जाती. दोघी अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या, दोघी मांसल पानांच्या. कॉटिलेडन दक्षिण ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या खडकांच्या फटींत वाढते. पानांचा चक्राकार झुबका बारमाही हिरवा राहतो आणि वसंतात गुलाबी, केशरी, पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. थंडी ती सोसते, पण बुडाशी साचलेलं पाणी अजिबात नाही. म्हणून सपाट कुंडीपेक्षा दगडी भिंतीच्या फटीत आडवी लावलेली बरी, म्हणजे पाणी झुबक्यात थांबत नाही. कुंडीच हवी असेल तर मातीत निम्मी बारीक खडी घाला आणि बुंध्याभोवतीही खडीचा थर द्या.

रेडिव्हायव्हाचा स्वभाव वेगळा. फुलं उमलता उमलता तिची पानं वाळतात आणि उन्हाळाभर ती जमिनीखाली झोपते. तेव्हा पाणी घातलं, की मूळ कुजलंच. १८०६ मध्ये मेरीवेदर लुइस या अमेरिकन शोधप्रवाशाने मोंटानात गोळा केलेला वाळका नमुना पुढे पुन्हा जिवंत झाला, म्हणूनच ‘रेडिव्हायव्हा’, लॅटिनमध्ये ‘पुन्हा जिवंत झालेली’. तिचं कडू मूळ तिथले मूळनिवासी सॅलिश लोक सोलून, शिजवून खातात. १८९५ पासून ती मोंटानाचं राज्यफूल आहे.

पोर्टलंड-सिअ‍ॅटलकडच्या मराठी मंडळींनी पहिल्यांदा कॉटिलेडनच घ्यावी, हिवाळी पावसात वर आडोसा करून. रेडिव्हायव्हाचं फूल मला जास्त देखणं वाटतं, पण तिला कोरडा उन्हाळा हवाच. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर दोघींचाही निभाव लागणं कठीण.