एसजीपीटीचा एक आकडा दाखवून मामांना लुबाडलं

माझ्या मामांना हिपॅटायटिस बी या व्हायरसमुळे लिव्हर सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर निबर होऊन खराब झालंय. टेनोफोविर (व्हायरस दाबून ठेवणारी गोळी) आणि लघवीतून पाणी काढायच्या गोळ्या चालू होत्या, बिनमिठाचं जेवण होतं, तब्येत धरून होती. तेवढ्यात गंगापूर रोडच्या एका 'चायनीज थेरपी' केंद्राचं पत्रक मामीच्या हातात पडलं. त्यावर ठळक छापलं होतं, 'जलोदर मुळापासून बरा'. जलोदर म्हणजे पोटात पाणी साठणं. अशी जाहिरात करायला चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्धच्या 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे, पण हे त्या माउलीला कोण सांगणार?

तिथला माणूस नाडी बघायचा, जीभ बाहेर काढायला लावायचा. म्हणाला, "काकू, आधी ते केमिकल बंद करा, त्यानंच लिव्हर सडतंय." 48,000 आगाऊ घेतले. कॅप्सूलच्या डबीवर नुसती चिनी अक्षरं, घटक नाहीत, लायसन्स नंबर नाही. पावतीवर औषध हा शब्दच नाही, 'हर्बल टी' लिहिलंय!

खरी मेख पुढे आहे. त्याने फक्त एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा होतेय का ते दाखवणारी रक्ततपासणी) करायला लावला, तो नॉर्मल आला, आणि लाल पेनाने गोल करून "लिव्हर सुधारतंय" असं सांगितलं. सिरोसिस बळावलेला असतानाही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतो. लिव्हर किती काम करतंय हे बिलिरुबिन (कावीळ किती ते), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन) आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) यांवरून कळतं. त्यांचं त्याने नावही काढलं नाही.

टेनोफोविर अचानक थांबवलं की दबलेला व्हायरस उसळतो. तेच झालं. पोट तट्ट फुगलं. मामा दिवसा झोपायचे, रात्रभर जागे, एका पहाटे मामीलाच "तुम्ही कोण?" म्हणाले. हात पुढे धरायला लावले तर पंजे फडफडत होते. अ‍ॅडमिट केल्यावर पोटातून सहा लिटर पाणी काढलं, सोबत अल्ब्युमिन लावलं. लिव्हर थकल्यामुळे रक्तात साठून मेंदूवर परिणाम करणारा अमोनिया उतरवायला लॅक्टुलोजचं औषध, आणि टेनोफोविर पुन्हा सुरू.

मला सगळ्यात चीड याची येते की खुद्द चीनमधले डॉक्टर असं करत नाहीत. तिथे 'फुझेंग हुआयू' नावाचं वनौषधींचं मान्यताप्राप्त औषध आहे, ते हिपॅटायटिस बीच्या पेशंटला अँटिव्हायरल चालू ठेवून जोडीला देतात. इथे त्याच चीनचं नाव सांगून चालू गोळ्या सोडायला लावल्या.

मामा घरी आलेत, पण बिलिरुबिन अजून उतरलेलं नाही. पैसे परत मागितले तर फोन उचलत नाहीत. पावती, पत्रक आणि उरलेली डबी घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. तुमच्या घरातही अशी डबी आली असेल तर फेकू नका, आधी लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवा, आणि पावतीसकट तक्रार करा.