मिठाची कणीक: दिवाळीपासून श्रावणापर्यंत वापरल्यानंतरचा अनुभव

तीन ते सहा वर्षांच्या मुलांकडून घरच्या घरी भेटवस्तू करून घ्यायच्या असतील, तर मीठ आणि मैद्याच्या कणकेइतकं सोयीचं दुसरं काही नाही. दिवाळीच्या आधीपासून श्रावणापर्यंत ती सतत वापरल्यावर हे ठामपणे सांगता येतं. पण मुंबई, कोकण आणि गोव्याच्या वाचकांना आणखी एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगायला हवी: इथे ही कणीक साधणं हातापेक्षा हवेवर जास्त अवलंबून आहे. इंटरनेटवर फिरणाऱ्या बहुतेक कृती थंड देशांतल्या. जर्मनीत नाताळच्या झाडावर टांगायच्या वस्तू अशा कणकेच्या करतात. तिथे डिसेंबरात घर आतून गरम आणि कोरडं असतं, स्वयंपाकघरात ओव्हन असतोच. त्या कृतींमध्ये आपला जुलै महिना कुठेच नसतो, आणि नेमका तोच या कणकेची परीक्षा घेतो.

आधी प्रमाण. वाटीने मोजायचं तर दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि पाऊण वाटी पाणी. वजनाने मोजलं तर जास्त खात्रीचं: २५० ग्रॅम मैदा, २८० ग्रॅम मीठ, १८० मिली पाणी. वाटीने निम्मं दिसणारं मीठ वजनात मैद्यापेक्षा थोडं जास्तच भरतं. हे ध्यानात न घेता वजनानेही निम्मंच मीठ घातलं, तर गोळा पोळीच्या कणकेसारखा ओढला जातो, लाटला की आक्रसतो आणि आकार धरत नाही. वर दिलेल्या प्रमाणात सहा सेंटीमीटर व्यासाच्या आणि पाच मिलिमीटर जाडीच्या सुमारे तीस चकत्या होतात. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुरेल इतकं वाण झालं, आणि तेही दुकानातल्या तयार क्लेच्या मानाने फारच कमी खर्चात.

मीठ मिक्सरच्या कोरड्या भांड्यात फिरवून पिठीसाखरेसारखं बारीक करून घ्यावं. पाकिटातलं मीठही फिरवावं. जाडं मीठ तर तसंच वापरूच नये. गरम पाण्यात मीठ विरघळवून घ्या असा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिलेला असतो, त्याने काही साधत नाही. १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, उकळत्या पाण्यातही ते ३९ ग्रॅमच्या पुढे जात नाही. म्हणजे १८० मिली पाण्यात फार तर ६५ ते ७० ग्रॅम विरघळणार, बाकीचे दोनशेहून जास्त ग्रॅम कणकेत कणांच्याच रूपात राहणार. ते कण जितके बारीक, तितका वस्तूचा पृष्ठभाग गुळगुळीत. मिक्सरचं भांडं मात्र लगेच धुऊन पुसावं, नाहीतर पात्याच्या तळाशी गंज धरतो.

पाणी एकदम ओतू नये. १६० मिलीने सुरुवात करून पुढे चमच्याचमच्याने घालावं, कारण मैदा किती पाणी पितो हे पिठागणिक बदलतं. आठ-दहा मिनिटं चांगलं तिंबून, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवून द्यायचं. हा अर्धा तास अनेक जण गाळतात आणि मग चकती लाटल्यावर लहान होते म्हणून वैतागतात. मैद्यातल्या ग्लुटेनला सैल पडायला तेवढा वेळ लागतोच. मुलांना थांबवणं अवघड, म्हणून कणीक आदल्या रात्री भिजवून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवावी आणि सकाळी तासभर आधी बाहेर काढावी. ती थोडी ओलसर झालेली असते. चमचाभर मैदा लावून पुन्हा मळली की पूर्ववत होते. आठवडाभर अशी टिकते. गव्हाच्या पिठाची कणीकही होते, पण कोंड्यामुळे कडा फाटतात आणि रंग मळकट येतो.

साधनं सगळी स्वयंपाकघरातलीच. पोळपाटावर जुनी प्लास्टिकची पिशवी अंथरावी, कापायला वाट्या, बाटल्यांची झाकणं आणि करंज्यांचं कातणं. कातण्याची नागमोडी कड मुलांना फार आवडते आणि चार वर्षांच्या मुलाला ते सुरीपेक्षा कितीतरी सुरक्षित. सोऱ्यातून शेवेच्या ताटलीने कणीक पाडली की बाहुल्यांचे केस, मेंढीची लोकर, पक्ष्याचं घरटं असं काहीही होतं. फक्त सोऱ्या नंतर लगेच धुवावा, कारण मीठ धातू खातं. जाडी सगळीकडे सारखी यावी म्हणून गोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकावर एक चिकटवलेल्या आइस्क्रीमच्या काड्या ठेवून त्यांच्यावरून लाटणं फिरवावं. हा एवढा उपाय केला की वाळताना होणारे निम्मे घोटाळे टळतात. जिथे चकती पातळ तिथे ती आधी वाळते, जिथे जाड तिथे मागे राहते आणि मधोमध तडा जातो.

कोणत्या वयाला काय द्यायचं, हे एकदा ठरवलं की मोठ्यांची ओढाताण कमी होते. तीन वर्षांचं मूल दाबतं, थापतं, ठसे उमटवतं. त्याच्या हातात कडुनिंबाची किंवा गुलाबाची पानं द्यावीत. शिरा ज्या बाजूला उठून दिसतात ती बाजू खाली ठेवून लाटणं फिरवलं की सुरेख ठसा येतो. चार वर्षांचं मूल कापू शकतं आणि स्ट्रॉने भोक पाडू शकतं. पाचव्या-सहाव्या वर्षी तुकडे जोडणं जमतं, पण त्यांना एक गोष्ट पक्की शिकवावी लागते: नुसतं दाबून चिकटवलेला कान वाळल्यावर गळतोच. दोन्ही बाजूंना टूथपिकने ओरखडे काढायचे, बोटाने पाणी लावायचं, मगच दाबायचं. मुलाने केलेला हत्ती मोठ्यांनी नीटनेटका करायला बसू नये. आजीला तो वाकड्या सोंडेचाच हवा असतो.

आजी-आजोबांसाठी सगळ्यांत चांगली भेट म्हणजे हाताचा ठसा, आणि सगळ्यांत जास्त तोच बिघडतो. त्यासाठी चकती दहा मिलिमीटर जाडीची हवी आणि तिचा व्यास मुलाच्या हातापेक्षा तीन सेंटीमीटर जास्त हवा. एखाद्या मोठ्या डब्याचं झाकण साच्यासारखं वापरता येतं. मुलाच्या तळहाताला कोरडा मैदा चोळावा. आधी तळवा दाबावा, मग एकेक बोट, आणि शेवटी हात सरळ वर उचलावा. घसरवत काढला की बोटांच्या कडा पुसल्या जातात. ठसा फसला तर गोळा करून पुन्हा लाटायचा, या कणकेचा हाच मोठा गुण आहे. नाव आणि तारीख तेव्हाच टूथपिकने कोरावी. भोक कडेपासून निदान एक सेंटीमीटर आत घ्यावं आणि तीन-चार तासांनी त्यातून स्ट्रॉ पुन्हा एकदा फिरवावी, कारण भोक थोडं मिटत येतं. लोखंडी यू-पिन किंवा हूक ओल्या कणकेत खोचू नये. मिठाने ते गंजतात आणि भोवती तांबूस डाग पसरतो.

आता वाळवण. वस्तू ताटात ठेवली की खालची बाजू ओली राहते आणि वरची आक्रसते, त्यामुळे कडा वर उचलल्या जातात. म्हणून वाळवायला जाळी किंवा धान्याची चाळणी घ्यावी. पहिला दिवस सावलीत पंख्याखाली ठेवून दर चार-पाच तासांनी उलटावं, दुसऱ्या दिवसापासून ऊन द्यावं. पहिल्याच दिवशी कडक उन्हात ठेवलं तर वर कवच धरतं आणि आतली वाफ अडकते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये तर थेट ऊन दाखवूच नये, सावलीतली कोरडी हवा तिथे पुरते. पाच मिलिमीटरची चकती डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन दिवसांत वाळते, हाताच्या ठशाला पाच ते सात दिवस लागतात. ओटीजी असेल तर १०० अंश सेल्सिअसवर दोन-तीन तास, अधूनमधून दार उघडून वाफ जाऊ द्यायची. घाईने १३०-१४०वर नेलं की वस्तू फुगते आणि तपकिरी होते. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नये, बुडबुडे येतातच. ओव्हन, गॅस आणि वॉर्निश ही कामं मोठ्यांची.

पूर्ण वाळलं की नाही हे नुसतं बघून कळत नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर कळतं. भिजवलेल्या कणकेत पाणी सुमारे एक चतुर्थांश वजनाचं असतं, म्हणून १०० ग्रॅमची ओली वस्तू वाळून ७५ ग्रॅमच्या आसपास यायला हवी, आणि ओळीने दोन दिवस वजन तेच राहायला हवं. काटा नसेल तर मागची बाजू गालाला लावून पाहावी; गार लागली तर आत अजून ओल आहे. अशी अर्धवट वाळलेली वस्तू रंगवून प्लास्टिकच्या पिशवीत बांधली की आठवड्यात बुरशी येते. भेट देताना कागदातच गुंडाळावी.

रंगाच्या बाबतीत पोस्टर कलरने निराशा होते. त्यातलं पाणी वरचं मीठ विरघळवतं आणि वाळताना ते पांढऱ्या पुटासारखं वर येतं, लाल-निळा रंग चट्टेरी दिसतो. ॲक्रिलिक रंग दाट, दोन पातळ हातांत लावले तर टिकतात. कणकेतच रंग मिसळायचा असेल तर गेरू सगळ्यांत भरवशाचा. तो लोहाचा खनिज रंग असल्याने उन्हात विटत नाही. हळद सुंदर दिसते पण उजेडात काही आठवड्यांत फिकट पडते आणि बिटाचा रस तपकिरी होतो. फ्रिज मॅग्नेट करायचे असतील तर घरात पाच वर्षांखालचं मूल असताना गोल, ताकदीचे चुंबक वापरू नयेत. ते निघून पोटात गेले तर जिवावर बेततं. त्याऐवजी कात्रीने कापता येणारी चपटी चुंबकाची पट्टी चिकटवावी.

हे सगळं नीट केलेल्या वस्तू मेपर्यंत दगडासारख्या कडक राहतात. मग जून येतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घ्यायला लागतं; डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं ते याचमुळे. किनारपट्टीवर पावसाळाभर हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. वस्तू आधी चिकट होते, मग मऊ, आणि टांगलेली असेल तर भोकापाशी तुटून पडते. फेव्हिकॉलमध्ये पाणी मिसळून दिलेला हात इथे कामाचा नाही, पाण्याने तोच मऊ पडतो. लाकडावरचं पारदर्शक वॉर्निश दोनदा, मागच्या बाजूलाही आणि भोकाच्या आतल्या कडेलाही लावलं तर बराच फरक पडतो, पण त्यानेही ओल फक्त उशिरा पोचते. खात्रीचा उपाय एकच: जूनच्या आधी वस्तू घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायच्या आणि दसऱ्याला बाहेर काढायच्या. भेट देताना हे त्या घरच्यांना सांगायला विसरू नये. पुण्यात हा त्रास थोडा कमी, पण आहेच.

म्हणून दिवाळी, भाऊबीज, नाताळ आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं वाण यांसाठी ही कणीक उत्तम. राखीसाठी मात्र मुळीच नको. श्रावणात सोड्याची माती करावी: दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी गार पाणी. तिन्ही एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळायचं. कुस्करलेल्या बटाट्याइतकं घट्ट झालं की उतरवून, ओल्या फडक्याखाली गार करून मळायचं. ही माती शुभ्र आणि मऊसूत होते, पंख्याखाली दोन दिवसांत वाळते आणि पावसात मिठासारखी पाझरत नाही. मात्र ती ठिसूळ असते, पाच मिलिमीटरहून पातळ लाटली की मोडते. हिला ओव्हनची उष्णता देऊ नये. सोडा तापला की त्यातून वायू सुटतो आणि तडे जातात. राखीचं फूल वाळल्यावर जाड कापडाच्या गोल तुकड्यावर चिकटवावं आणि दोरा त्या कापडाला शिवावा. शाडू मुलांच्या हाताला छान लागतो, गणपतीसाठी तोच हवा, पण न भाजलेली छोटी वस्तू भेट म्हणून पोचेपर्यंत टिकत नाही.

काही सावधगिरी राहिली. मुलाने कणीक चाटली तर खारट लागून थुंकून टाकतं, पण गोळे गिळू देऊ नयेत; एवढं मीठ लहान शरीराला घातक असतं. बोटाला चिरा असतील किंवा त्वचा फुटलेली असेल तर कणीक झोंबते, अशा वेळी आधी खोबरेल तेल लावावं आणि चिरा ताज्या असतील तर तो दिवस टाळावा. या कणकेची पणती दिसायला छान होते, पण त्यात तेल-वात घालू नये. तेल मुरतं आणि कड जळते. बॅटरीवरचा दिवा ठेवावा.

उरलेली कणीक सिंकमध्ये धुऊन टाकू नये, नळीत चिकटून बसते. कुंडीतही टाकू नये, मिठाने झाड मरतं. आणि आपल्याकडे उरलेला पिठाचा गोळा गाईला किंवा गल्लीतल्या कुत्र्याला घालायची सवय असते, ती इथे कटाक्षाने टाळावी. कुत्र्याने असा गोळा खाल्ला तर रक्तातलं मीठ वाढून तो दगावू शकतो. परात कोरडी असतानाच कणीक खरवडून, कागदात गुंडाळून, कुत्र्या-गाईंचं तोंड पोचणार नाही अशा झाकणाच्या कचरापेटीत टाकावी.